राबलेलं अंग आणि कमावलेलं अंग

हातातलं काम असू द्या. शेंगा फोडत असाल तर फोडा, तांदूळ निवडत असाल तर निवडा, कान तेवढे इकडे द्या. आजचा विषय आमच्या बचत गटाच्या बैठकीत निघाला, तोही भांडणातून.

झालं असं. आमच्या गावात ग्रामपंचायतीची व्यायामशाळा आहे. आत लोखंडी वजनं आहेत, दोन-तीन यंत्रं आहेत आणि किल्ली पोरांकडे असते. कबड्डी खेळणाऱ्या चार मुली गटाच्या बैठकीला आल्या आणि म्हणाल्या, "काकी, आम्हाला पण आठवड्यातून दोन दिवस तिथे जायचंय. तुम्ही ग्रामसभेत बोला." आमच्यातल्याच एक थोरल्या बाई पटकन म्हणाल्या, "कशाला गं? पाणी भरता, खुरपता, वैरण आणता. एवढा व्यायाम काय कमी आहे?" निम्म्याजणींनी मान डोलावली. निम्म्या गप्प बसल्या.

तेव्हा आमच्यातली एक नुकतीच ठाण्याहून आलेली, तिने वागळे इस्टेटची गोष्ट सांगितली आणि सगळं बोलणंच फिरलं. ती गोष्ट आणि तिच्यामागचा इतिहास आज तुम्हाला सांगतो.

तिच्या नवऱ्याचे काका १९७२ च्या दुष्काळानंतर गाव सोडून ठाण्याला गेले. त्या दुष्काळात आपल्याकडच्या बायाबापड्यांनी खडी फोडली, पाझर तलावाची माती वाहिली, हे तुमच्यापैकी थोरल्यांना आठवत असेल. त्या खडीच्या कामांतूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो लागू झाला. काका मात्र तेवढं थांबले नाहीत. गावचा एकजण आधी गेलेला, त्याच्या खोलीवर किसननगरला उतरले आणि वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात लागले.

ही वागळे इस्टेट म्हणजे ठाण्याच्या पश्चिमेची औद्योगिक वसाहत. आपण जिला एमआयडीसी म्हणतो ती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ ही संस्था १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाली. तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींमध्ये वागळे इस्टेट येते. तिथल्या रस्त्यांना नंबर आहेत. सोळा नंबर, बावीस नंबर, असाच पत्ता सांगतात. लेथ, पॉवर प्रेस, ओतकामाच्या भट्ट्या, रसायनं, औषधं, विजेचं सामान, असे नाना तऱ्हेचे कारखाने तिथे उभे राहिले. आजूबाजूला किसननगर, इंदिरानगर, लोकमान्यनगर, सावरकरनगर अशा कामगारांच्या वस्त्या वाढल्या. कामगारांसाठी विमा योजनेचं रुग्णालयही तिथेच आलं.

काका ओतकामाला होते. तापलेलं ओतीव लोखंड थंड झालं की उचलायचं, गाड्यावर चढवायचं, गाडा ढकलायचा. आठ तासांची शिफ्ट, त्यावर ओव्हरटाइम. दंड असे झालेले की गावाला यायचे तेव्हा पोरं लोंबकळायची. गावात नाव होतं त्यांच्या ताकदीचं.

आणि काकू? काकू चाळीत दुसऱ्या मजल्यावर. पहाटे खालच्या नळावरून सहा-सहा कळश्या वर चढवायच्या. दुपारी घरी प्लास्टिकच्या तुकड्यांच्या कडा कापायचं काम आणायच्या, नगावर पैसे. त्यांच्या दंडाबद्दल कधी कुणी काही बोललं नाही.

आज काकांना सत्तरी उलटली. उजवा खांदा वर जात नाही. कंबर एका बाजूला कललेली. काकूंचे गुडघे गेले, जिना उतरणं नको म्हणून त्या घराबाहेरच पडत नाहीत. इस्टेटही पालटली. पुष्कळ कारखाने बंद पडले किंवा बाहेर गेले. त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, संगणकावरची कामं आली. काकांचा नातू अशाच एका इमारतीत दिवसभर खुर्चीत बसून काम करतो आणि संध्याकाळी जवळच्या एका जुन्या गाळ्यात जिमला जातो. पूर्वी त्या गाळ्यात प्रेस चालायचे. आता तिथे आरसे लावलेत.

आमची मैत्रीण ते बघायला गेली. म्हणाली, "अगं, एक पोरगा मोठ्या टायरवर घण मारत होता. दुसरा दोन हातांत दोन जड वजनं घेऊन नुसता इकडून तिकडे चालत होता. विचारलं तर म्हणे या व्यायामाचं नावच 'फार्मर्स वॉक', शेतकऱ्याची चाल! पैसे भरून करतात." आम्ही सगळ्या हसलो. मग तिने हळूच सांगितलं, "पण त्या पोराची पाठ सरळ होती गं. आणि घरी काका कण्हत होते. दोघांनी लोखंडच उचललं. मग असं कसं?"

बैठकीत खरा प्रश्न हाच पडला. राबलेलं अंग आणि कमावलेलं अंग, दोन्ही बळकटच दिसतात. मग एक झिजतं आणि एक टिकतं, हे कसं?

यासाठी आधी आपल्या तालमीचा इतिहास बघू. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर नावाचे मोठे मल्ल होऊन गेले. मल्लखांबाला त्यांनी नवं रूप दिलं असं मानतात. कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचं कुस्तीचं मैदान बांधलं, पैलवानांना आश्रय दिला. अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. त्या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा एवढा प्रसार केला की संस्थानातल्या शाळांमधून नमस्कार घातले जाऊ लागले.

या सगळ्या गोष्टींत एक बाब सारखीच आहे, ती नीट बघा. पैलवान जोर-बैठका मारायचा, मुद्गल फिरवायचा, माती उकरायचा. मेहनत अफाट होती. पण त्या मेहनतीला खुराक होता. दूध, तूप, बदाम. मेहनतीनंतर मालीश होतं. दुपारची झोप होती. घरातला एक मुलगा तालमीत घातला की त्याला नांगराला जुंपत नसत, बाकीचे भाऊ राबायचे. तालमीच्या वस्तादाला कळायचं, की ताकद नुसत्या मेहनतीने येत नाही. मेहनत, खुराक आणि आराम या तिन्हींनी येते.

आता आपल्या आयाआज्यांकडे बघा. त्यांची तालीम म्हणजे जातं, मुसळ, रहाट आणि डोक्यावरचा हंडा. पहाटे चारला उठून दळायचं. त्या दळण्यातून ओव्या आल्या. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या खेड्यापाड्यांतून अशा लाखाच्यावर ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. पण दळून उठलेल्या बाईला कुणी दूध दिलं का? ती शेवटी जेवायची, उरलंसुरलं. झोपायची सगळ्यांच्या नंतर. मेहनत पैलवानाएवढी, पण खुराक आणि आराम मात्र काहीच नाही.

आणि एक गंमत सांगतो. गंमत म्हणायची, पण हसू येत नाही. पोलिसांच्या धमकीत आपण ऐकतो, "चक्की पिसायला पाठवीन." तुरुंगात दळण ही शिक्षा होती. म्हणजे कैद्याला जी सक्तमजुरी, ते आपल्या आजीचं रोजचं काम. तसंच जिममधल्या त्या चालायच्या पट्ट्याचं. त्याला ट्रेडमिल म्हणतात. हे नाव कुठून आलं? १८१८ च्या सुमारास विल्यम क्यूबिट नावाच्या इंजिनियरने इंग्लंडमधल्या तुरुंगासाठी एक मोठं चाक बनवलं. चाकाला पायऱ्या. कैद्यांनी तासन् तास त्या पायऱ्या चढत राहायचं, चाक फिरत राहायचं. त्यालाच ट्रेडमिल म्हणत. काही तुरुंगांत त्यावर धान्य दळत, काही ठिकाणी तर ते नुसतंच फिरे. ही शिक्षा इतकी क्रूर ठरली की १८९८ च्या कायद्यानंतर ती बंद पडत गेली. आज त्याच नावाच्या यंत्रावर लोक आपल्या मर्जीने, पैसे भरून चालतात.

मग फरक यंत्रात आहे का? नाही. फरक एवढाच, की कैद्याला थांबता येत नव्हतं आणि नातवाला थांबता येतं. सयांनो, "आता बास" म्हणता येणं ही लहान गोष्ट नाही. अंग कमावण्याचं अर्धं गुपित त्यातच आहे.

आता कल्याणची गोष्ट ऐका. कल्याण वागळे इस्टेटपासून लांब नाही, त्याच ठाणे जिल्ह्यात. तिथे हमीदा बानू नावाची बाई राहत होती. ती अलीगढची पैलवान म्हणून ओळखली जायची. १९५४ साली तिने जाहीर केलं, जो मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. त्या वर्षी मे महिन्यात बडोद्याला बाबा पैलवानाशी तिची कुस्ती झाली आणि १ मिनिट ३४ सेकंदांत तिने ती जिंकली. तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी तिचं वजन छापलं, १०८ किलो. खुराक छापला. रोजचं साडेपाच लिटरच्या वर दूध, फळांचा रस, कोंबडी, मटण, बदाम, लोणी, सहा अंडी, बिर्याणी. आणि हेही छापलं की ती दिवसाला सहा तास मेहनत करते आणि नऊ तास झोपते.

नऊ तास! आमच्या बैठकीत हे वाचल्यावर सगळ्याजणी "अगंबाई" म्हणाल्या. दूध-बदामांचं कुणालाच एवढं वाटलं नाही, पण झोपेचं वाटलं. आपल्यात नऊ तास कोण झोपलंय, बाळंतपण सोडून?

हमीदा बानूला विरोधही झाला. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती तिथल्या कुस्ती संघटनेच्या हरकतीमुळे रद्द झाली. तिने थेट तेव्हाचे मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. पुढे युरोपात जाऊन कुस्ती खेळायचं तिच्या मनात होतं. त्यावरून घरातच तिला मारहाण झाली, हात मोडले, असं तिच्या नातवाने नंतर पत्रकारांना सांगितलं. उरलेलं आयुष्य तिने कल्याणला काढलं. दूध विकलं, खोल्या भाड्याने दिल्या, पैसा सरला तेव्हा रस्त्याकडेला खाण्याचे पदार्थ विकले. १९८६ साली ती गेली. बाईने अंग कमावलं तरी ते तिचं तिला ठेवू देत नाहीत, हेही या गोष्टीत आहे. म्हणून आमच्या मुलींच्या किल्लीचा प्रश्न साधा नव्हता.

आता शास्त्र काय म्हणतं ते पाहू. एका बाजूने बोलत नाही, दोन्ही सांगतो.

१९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने एक अभ्यास छापला. तिथल्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून असायचा आणि कंडक्टर जिना चढ-उतर करायचा, दिवसाला पाचशेच्या वर पायऱ्या. दोघं एकाच कंपनीत, एकाच रस्त्यावर. पण हृदयाचा आजार कंडक्टरांना कमी झालेला दिसला. तेव्हापासून जगाला पटलं की कामात अंग हललं पाहिजे. काकांच्या नातवाने जिमला जाणं बरोबरच आहे. तो दिवसभर त्या ड्रायव्हरसारखा बसलेला असतो.

आपल्या कष्टात कसबही असतं. १९८६ साली केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की ओझं वाहायची सवय असलेली बाई आपल्या वजनाच्या पाचव्या भागाइतकं ओझं घेऊन चालते, तेव्हा तिच्या शरीराला रिकामं चालण्याहून जास्त शक्ती लागतच नाही. म्हणजे ५० किलोची बाई १० किलोचं ओझं जणू फुकट नेते. ही चाल जिममध्ये महिन्याभरात येत नाही. डोक्यावर हंडा घेऊन न सांडता बांध ओलांडणारी आपली बाई कसबी आहे, हे कुणी सांगितलं नसेल तर आज आम्ही सांगतो.

पण दुसरी बाजू ऐका. डेन्मार्क, नेदरलँड्सकडच्या संशोधकांनी २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून जवळपास दोन लाख माणसांची माहिती तपासली. त्यात दिसलं, की ज्या पुरुषांची नोकरी फार कष्टाची, त्यांना लवकर मरण येण्याचा धोका बैठं काम करणाऱ्या पुरुषांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त होता. मोकळ्या वेळात व्यायाम करणाऱ्यांचं आयुष्य वाढतं, आणि कामावर राबणाऱ्यांचं मात्र तसं वाढत नाही. संशोधक याला कोडंच म्हणतात. बायकांच्या आकड्यांत तसा वाढलेला धोका दिसला नाही. पण अशा मोजणीत नोकरीतलं काम धरतात. घरातलं दळण, पाणी, लाकूडफाटा त्या वहीत येतच नाही.

हे कोडं आपण आपल्या अंगावर सोडवून बघू. व्यायामाने स्नायूवर ताण येतो. ताण आल्यावर शरीर तो भाग पुन्हा बांधतं, पहिल्याहून मजबूत. पण हे बांधकाम कधी होतं? वजन उचलताना नाही. नंतर होतं, झोपेत, आरामात, पोटात डाळ-दूध-अंडं गेल्यावर. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत थॉमस डेलॉर्म नावाच्या लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांचे पाय असेच सुधारले. वजन थोडं थोडं वाढवायचं, मोजके वेळा उचलायचं आणि मध्ये विश्रांती द्यायची. आजच्या जिमचा पाया हाच.

आता काकांचं काम त्याशेजारी ठेवा. वजन त्यांच्या ताकदीप्रमाणे वाढत नव्हतं, मालाप्रमाणे वाढत होतं. दिवसातून शेकडो वेळा तेच उचलणं, त्याच बाजूने. कंबर दुखली म्हणून थांबावं तर हजेरी जाते. घरी जाऊन ओव्हरटाइमची झोप. बांधकाम पुरं व्हायच्या आत पुन्हा मोडणं. वर्षानुवर्षं असं झालं की अंग कमावलं जात नाही, खर्ची पडतं. जिममधला पोरगा तासभर ताण घेतो आणि तेवीस तास भरून काढतो. राबणारा दिवसभर ताण घेतो, आणि भरून काढायला त्याच्याजवळ उरतं काय?

आणि राबणाऱ्या बाईचं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ च्या फेरीत, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये दर १०० पैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. रक्त कमी म्हणजे स्नायूंना प्राणवायू कमी. त्या अंगाने आपण मोळी उचलतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं तर सगळ्या राज्याने ऐकलं. २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीने ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कोयत्याला खाडा परवडत नाही, पाळीतही नाही, आजारातही नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण. त्या बायका अशक्त होत्या का? उसाची मोळी डोक्यावर घेऊन शिडीने ट्रकवर चढणारी बाई अशक्त कशी? ताकद होती, पण त्या ताकदीला सुट्टी नव्हती.

सुट्टी कुणी आपणहून देत नाही, ती मागावी लागते. याचाही इतिहास ठाण्याशीच जोडलेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे १८४८ साली ठाण्यात जन्मले. महात्मा फुल्यांचे सहकारी. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. तेव्हा गिरणीत आठवड्याची सुट्टीच नव्हती. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सभा भरली, सुमारे दहा हजार कामगार आले, आणि त्या सभेत दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या, आम्हाला आठवड्याला एक दिवस विश्रांती द्या. त्यानंतर १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. आज कॅलेंडरात लाल छापलेला रविवार असतो ना, त्यात त्या दोघींचाही आवाज आहे. त्यांची नावं आपल्याला पाठ नाहीत, पण त्या बोलल्या हे पाठ करून ठेवा.

ओझ्याचंही असंच. पूर्वी हमाल १०० किलोचं पोतं पाठीवर घ्यायचे. अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगार संघटित केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. पुढे ५० किलोच्या पोत्याची मागणी झाली, ती बऱ्याच ठिकाणी लागू झाली. १९४८ च्या कारखाना कायद्यातच म्हटलं होतं, की इजा होईल एवढं ओझं कुणाला उचलायला लावू नये. त्याच्या नियमांत मोठ्या बाईसाठी ३० किलोची मर्यादा घालून दिली होती. जगभरच्या मजुरांसाठी ओझ्याच्या मर्यादेचा करार १९६७ साली झाला, तो भारताने २०१० साली मान्य केला.

पण सयांनो, घर हा कारखाना नव्हे आणि शेत हाही कारखाना नव्हे. चुलीपुढे आणि बांधावर तो निरीक्षक येत नाही. म्हणून आम्हीच निरीक्षक झालो. गटाकडे धान्य मोजायचा ताणकाटा आहे. एका सोमवारी आम्ही आमचीच ओझी मोजली. भरलेला हंडा आणि वर कळशी, तरी ते मर्यादेत बसलं. पण लाकडाची मोळी ३० च्या पार पुढे गेली. ओल्या वैरणीचा भारा तर सांगायला नको. कारखान्यात जे बेकायदा ठरलं असतं ते आम्ही रोज डोक्यावर घेत होतो आणि वर म्हणत होतो, "एवढा व्यायाम काय कमी आहे?"

तेव्हा त्या थोरल्या बाई, ज्यांनी पहिल्यांदा मुलींना झटकलं होतं, त्या म्हणाल्या, "मी आयुष्यभर समजत होते मी बळकट आहे म्हणून राबते. आता वाटतंय, राबतेय म्हणून संपत चाललेय." बराच वेळ कुणी बोललं नाही.

मणिपूरची मीराबाई चानू तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. लहानपणी डोंगरातून जळण आणायची, भावाला न पेलणारी मोळी तिने उचलली, ही गोष्ट सगळे सांगतात. पण मोळी उचलून पदक मिळालं नाही. ती गुणी आहे हे ओळखून तिला शिकवणारं कुणी मिळालं, खुराक मिळाला, सरावाला वेळ मिळाला, तेव्हा टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली तिने रौप्यपदक घेतलं. आपल्याकडची कविता राऊत नाशिकच्या आदिवासी पाड्यातली, तीही डोंगरवाटांवर पाण्यासाठी चालूनच वाढली. सराव मिळाला आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्यात तिने पदक मिळवलं. कष्टाने पाया घातला, पण इमारत मात्र सरावाने, खुराकाने आणि विश्रांतीने उभी राहिली. पाया घातलेल्या कितीतरी मुली आपल्या गावांत आहेत. त्यांच्यावर इमारत चढवायचं तेवढं राहून जातं.

तर आम्ही काय ठरवलं ते सांगतो. ग्रामसभेत आमच्या पंधराजणी उठून बोलल्या. थोडी कुजबूज झाली, एकदोघं हसले. पण मंगळवार आणि शनिवार, संध्याकाळी दीड तास, व्यायामशाळेची किल्ली मुलींकडे असं ठरलं. गटातली एकजण पाळीपाळीने तिथे बसते. खरं सांगायचं तर नुसती बसत नाही. गेल्या शनिवारी आमच्यातल्या दोघींनी हलकी वजनं उचलून पाहिली, मोजून दहा वेळा, मग थांबून. थांबून! ती विश्रांतीच नवी वाटली.

घरासाठीही चार गोष्टी ठरवल्या. मोळी एकीची दोघींत वाटायची, दोन खेपा झाल्या तरी चालतील. कळशी एकाच कमरेवर रोज घ्यायची नाही, बाजू बदलायची. खाली वाकून ओझं उचलताना कंबर वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे आणि ओझं अंगाजवळ धरायचं. जेवायला बसताना उसळ आणि अंडं आधी मुलींच्या आणि स्वतःच्या ताटात पडलंय का बघायचं, नंतर भांडं रिकामं करायचं. रक्त तपासून घ्यायचं, उपकेंद्रात लोहाच्या गोळ्या मिळतात त्या उशाशी ठेवायच्या नाहीत, खायच्या. आणि रविवारी दुपारी दोन तास कुणी कुणाला हाक मारायची नाही. लोखंड्यांच्या सभेतल्या त्या दोघींच्या नावाने.

आमच्या मैत्रिणीने परवा काकूंना फोन केला. नातवाला सांगितलं, तुझ्या जिमचं ज्ञान घरातही आण, आजीला खुर्चीत बसून पाय सरळ करायचे व्यायाम शिकव. पोरगा आधी हसला, मग शिकवायला लागला. काकू म्हणाल्या, "आयुष्यभर माझे पाय दुसऱ्यांसाठी चढले-उतरले. आता रोज दहा वेळा फक्त माझ्यासाठी हलतात."

एवढंच सांगायचं होतं. राबण्याला कमी लेखू नका, त्यावर हे जग चाललंय. पण राबणं म्हणजे व्यायाम, असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, माझा खुराक कुठे आहे आणि माझी सुट्टी कधी आहे?

तुमच्या गावात तुम्ही ओझी मोजलीत तर आम्हाला नक्की कळवा. पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. तोवर मोळी हलकी बांधा. राम राम.